अट खोटी ठरल्यावर काय होते? डिरेक्टरी सर्व्हरांमधील सशर्त सिंक, सोप्या भाषेत

मोठ्या संस्थेत एखाद्या कर्मचाऱ्याचा विभाग बदलतो. मनुष्यबळ विभागाच्या नोंदीत तो बदल त्याच दिवशी होतो. ई-मेलच्या पत्तापुस्तकात मात्र जुना विभाग कित्येक दिवस तसाच दिसत राहतो, आणि नव्या विभागाच्या कागदपत्रांवर हक्क मिळाले तरी जुन्या विभागाच्या कागदपत्रांवरचे हक्क कोणी काढून घेत नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते एका प्रणालीत बंद आणि दुसरीत चालू, हा प्रकार त्याहून गंभीर असतो. उघड्या राहिलेल्या खात्याची किंमत किती मोठी असू शकते हे मे २०२१ मध्ये जगाने पाहिले: अमेरिकेतील कॉलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीच्या जाळ्यात खंडणीखोर हल्लेखोर शिरले, ते वापरातून गेलेल्या पण बंद न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या जाळ्याला जोडून घेण्याच्या खात्यातून.

अशा विसंगती ज्या ठिकाणी जन्म घेऊ शकतात, ती जागा सामान्य वापरकर्त्याला कधीच दिसत नाही. ती जागा म्हणजे दोन डिरेक्टरी सर्व्हरांमध्ये माहितीची ने-आण करणारे नियम. त्यांतही सशर्त नियम, म्हणजे ‘अमुक अट पूर्ण होत असेल तरच अमुक माहिती तिकडे न्या’ असे सांगणारे नियम, सर्वांत नाजूक असतात. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. अट खरी असताना काय करायचे, हे नियम लिहिणारा प्रत्येक जण लिहितो. अट खोटी ठरल्यावर काय करायचे, हे मात्र पुष्कळदा लिहायचेच राहून जाते, आणि नियमाचा खरा कस तिथे लागतो.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे नेमके काय?

डिरेक्टरी सर्व्हर हा माणसे, गट, संगणक यांच्या माहितीचा असा साठा असतो, ज्यात लिहिले कमी जाते आणि वाचले अतिशय जास्त जाते. तुम्ही संगणकावर लॉगिन करता, ई-मेल पाठवताना नावाची दोन अक्षरे टाइप करून पूर्ण पत्ता मिळवता किंवा सामायिक फोल्डर उघडता, तेव्हा पडद्यामागे बहुधा अशाच एखाद्या सर्व्हरला प्रश्न विचारला जात असतो.

प्रत्येक व्यक्तीची त्यात एक नोंद असते. नोंदीतील नाव, दूरध्वनी, विभाग, वरिष्ठ अशा एकेका बाबीला ॲट्रिब्यूट म्हणतात. काही ॲट्रिब्यूटना एकच मूल्य चालते, तर काहींना अनेक. कोणत्या नोंदीत कोणते ॲट्रिब्यूट असावेत आणि त्यांत कशा प्रकारचे मूल्य बसावे, हे ठरवणारी नियमावली म्हणजे स्कीमा. हे तीन शब्द समजले की पुढचा लेख वाचायला अडचण येऊ नये.

या व्यवस्थेचा पाया १९८८ च्या एक्स.५०० या आंतरराष्ट्रीय मानकांनी घातला. ती मानके वजनदार असल्यामुळे मिशिगन विद्यापीठातील मंडळींच्या पुढाकाराने एक हलका प्रोटोकॉल तयार झाला आणि १९९३ मध्ये त्याचे पहिले मानकपत्र निघाले. तो एलडॅप. त्याची तिसरी आवृत्ती १९९७ मध्ये आली आणि २००६ मध्ये आरएफसी ४५११ या दस्तऐवजात ती नव्याने मांडली गेली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज). आज ओपनएलडॅप, ३८९ डिरेक्टरी सर्व्हर, मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी हे सगळे सर्व्हर याच प्रोटोकॉलमध्ये बोलतात.

प्रोटोकॉल एक असला तरी त्यातून बोलला जाणारा अर्थ एकच असतो असे नाही. ‘हे खाते बंद आहे’ एवढी साधी गोष्ट घ्या. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ती युजरअकाउंटकंट्रोल नावाच्या एका संख्येत दडलेली असते: साधे चालू खाते म्हणजे ५१२, आणि तेच बंद केले की ५१४, कारण ‘बंद’ या खुणेचे मूल्य २ आहे आणि ते मूळ संख्येत मिळवले जाते. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्ये त्यासाठी एनएसअकाउंटलॉक हा निराळा ॲट्रिब्यूट आहे आणि त्याचे मूल्य ‘खरे’ असे लिहिले जाते. म्हणजे एका सर्व्हरवरील संख्या दुसऱ्या सर्व्हरवर जशीच्या तशी नेऊन काहीच साधत नाही. मधे कोणीतरी अर्थ लावून देणारा लागतो.

मग एकच डिरेक्टरी ठेवली तर?

हा आक्षेप रास्त आहे, आणि जिथे शक्य आहे तिथे तसे जरूर करावे. पण दोन संस्था एकत्र येतात तेव्हा प्रत्येकीची डिरेक्टरी आधीपासून चालू असते. विंडोज संगणकांना एक डिरेक्टरी लागते, लिनक्स सर्व्हर दुसरीवर उभे असतात आणि क्लाउडमधील सेवा तिसरी मागतात. शिवाय काही वेळा दोन डिरेक्टऱ्या असणेच हिताचे असते: बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या सर्व्हरवर घरचा पत्ता आणि जन्मतारीख असता कामा नये. ती माहिती तिथे पोचलीच नाही, तर तिथून ती चोरीला जाण्याचाही प्रश्न येत नाही. सशर्त नियमांची गरज नेमकी इथे निर्माण होते.

हुबेहूब नक्कल आणि निवडक नक्कल

एकाच उत्पादनाच्या दोन सर्व्हरांमध्ये संपूर्ण माहिती जशीच्या तशी ठेवणे याला रेप्लिकेशन म्हणतात. वेगवेगळ्या स्कीमांच्या डिरेक्टऱ्यांमध्ये ठरावीक माहिती, ठरावीक अटींवर, गरजेप्रमाणे रूप बदलून नेणे म्हणजे सिंक.

समजा, एका कार्यालयात दोन नोंदवह्या आहेत. पहिलीची छायाप्रत काढून दुसऱ्या खोलीत ठेवणे हे रेप्लिकेशन झाले. पण दुसऱ्या वहीत रकाने निराळे असतील, तिथे फक्त कायम कर्मचारीच लिहायचे असतील आणि ज्यांनी संमती दिली त्यांचाच दूरध्वनी लिहायचा असेल, तर छायाप्रत कामाची नाही. पहिली वही वाचून दुसरीत लिहिणारा कारकून हवा. तो कारकून अतिशय आज्ञाधारक आहे, पण त्याला स्वतःची समज अजिबात नाही. ‘संमती असेल तर क्रमांक लिहा’ एवढेच सांगितले, तर तो तेवढेच करील. सहा महिन्यांनी कोणी संमती मागे घेतली, तर आधी लिहिलेला क्रमांक खोडायचा का? त्याला तसे सांगितलेले नाही. क्रमांक तसाच राहील आणि कोणालाही कळणार नाही, कारण चूक झाल्याची कोणतीही खूण वहीत उमटत नाही.

नियमात काय काय असते?

साधने अनेक आहेत आणि त्यांची परिभाषा निराळी आहे, पण प्रत्येक नियमाला काही मूलभूत प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात.

पहिला प्रश्न ओळखीचा: इकडची ही नोंद आणि तिकडची ती नोंद एकाच व्यक्तीची, हे कशावरून? नाव किंवा ई-मेल यावरून जुळवणी केली तर आडनाव बदलताच ती तुटते आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. म्हणून कधीही न बदलणारी ओळख वापरावी. ॲक्टिव्ह डिरेक्टरी प्रत्येक नोंदीला ऑब्जेक्टजीयूआयडी नावाचा असा क्रमांक देते. इतर अनेक सर्व्हरांवर २००६ च्या आरएफसी ४५३० ने ठरवलेला एन्ट्रीयूयूआयडी असतो. नोंद एका शाखेतून दुसऱ्या शाखेत हलवली किंवा तिचे नाव बदलले, तरी हे क्रमांक टिकतात.

दुसरा प्रश्न व्याप्तीचा: कोणत्या नोंदी या नियमाखाली येतात? तिसरा दिशेचा: कोणाकडून कोणाकडे? चौथा रूपांतराचा: मूल्य जसेच्या तसे न्यायचे की बदलून? हा चौथा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नावाच्या आद्याक्षरांच्या ॲट्रिब्यूटला ६ अक्षरांची मर्यादा आहे आणि ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्ये ती नाही. त्यामुळे लांब मूल्य पाठवताना ते छाटले जाते. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्ये पूर्ण नावाच्या ॲट्रिब्यूटला अनेक मूल्ये चालतात, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एकच चालते. त्यामुळे त्यांतले एकच पलीकडे जाते.

अट कुठे लावायची: नोंदीवर की ॲट्रिब्यूटवर?

दिसायला दोन्ही अटीच, पण त्यांचे परिणाम फार वेगळे आहेत.

नोंदीवरची अट म्हणते: ही व्यक्ती पलीकडे असावी की नसावी. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी यांच्यातील सिंकमध्ये याचे चांगले उदाहरण सापडते. तिथे प्रत्येक नोंद आपोआप पलीकडे जात नाही. नोंदीला एनटीयूजर हा प्रकार जोडलेला असेल तरच ती विचारात घेतली जाते, नवे खाते उघडायचे का हे एक ॲट्रिब्यूट सांगतो, आणि मूळ नोंद पुसली गेल्यावर पलीकडचे खातेही पुसायचे का हे दुसरा ॲट्रिब्यूट सांगतो. निर्मितीची परवानगी आणि नाशाची परवानगी वेगवेगळी ठेवली आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

ॲट्रिब्यूटवरची अट म्हणते: व्यक्ती पलीकडे आहेच, पण तिची ही विशिष्ट माहिती तिकडे असावी की नसावी.

या दोन पातळ्या एकमेकींत मिसळल्या की मोठे नुकसान होऊ शकते. ओपनएलडॅपमधील सिंक यंत्रणा, जी २००६ च्या आरएफसी ४५३३ वर आधारलेली आहे, फिल्टर लावून काही नोंदीच मागवू शकते. तिथे एखादी नोंद बदलून फिल्टरच्या बाहेर पडली, तर मागवणाऱ्या सर्व्हरला ‘ही नोंद काढून टाका’ असाच निरोप मिळतो. समजा, कोणाला फक्त विक्री विभागाचेच दूरध्वनी क्रमांक न्यायचे होते आणि त्याने ती अट ॲट्रिब्यूटऐवजी नोंदीवर लावली. मग विक्री विभागातून बदली झालेल्या व्यक्तीचा केवळ क्रमांक जाणार नाही. तिची पलीकडची अख्खी नोंद जाईल.

अट खोटी ठरल्यावर

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. ॲट्रिब्यूटवरची अट खोटी ठरली, तर पलीकडच्या मूल्याचे काय करायचे, याची निदान तीन वेगवेगळी उत्तरे संभवतात, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

एक उत्तर असे: ‘माझ्याकडे देण्यासारखे काही नाही, दुसरा एखादा नियम मूल्य देत असेल तर त्याने द्यावे.’ दुसरे उत्तर: ‘इथे काहीही असता कामा नये, दुसऱ्या कोणी मूल्य द्यायचा प्रयत्न केला तरी ते रिकामेच ठेवा.’ आणि तिसरे: ‘हा प्रश्न माझ्या अखत्यारीतला नाही, जे आहे ते आहे तसे राहू द्या.’

मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा कनेक्ट या साधनात, ज्याचे नाव २०२३ पर्यंत अझूर एडी कनेक्ट असे होते, या तीन उत्तरांसाठी तीन स्वतंत्र शब्द आहेत: नल, ऑथोरिटेटिव्हनल आणि इग्नोअरधिसफ्लो. नल लिहिले आणि दुसऱ्या कोणत्याही नियमाने मूल्य दिले नाही, तर आधीचे मूल्य निघून जाते. ऑथोरिटेटिव्हनल लिहिले की कमी प्राधान्याचा नियम ते पुन्हा भरू शकत नाही. इग्नोअरधिसफ्लो लिहिले की तो नियम त्या ॲट्रिब्यूटपुरता अस्तित्वातच नव्हता असे मानले जाते आणि आधीचे मूल्य टिकते. एका शब्दाच्या फरकाने माहिती पुसली जाते किंवा कायमची राहते.

एलएससी या सिंकच्या मुक्त साधनात असाच विचार धोरणाच्या रूपात येतो. प्रत्येक ॲट्रिब्यूटसाठी फोर्स, कीप किंवा मर्ज यांपैकी एक निवडता येते: स्रोतातील मूल्य लादा, पलीकडे आधीच काही असेल तर त्याला हात लावू नका, किंवा दोन्हीकडची मूल्ये एकत्र करा. मर्ज हा पर्याय निरुपद्रवी दिसतो आणि म्हणूनच त्यापासून सावध राहावे. एकत्र करण्याच्या धोरणात मूल्ये वाढतात, पण कमी होत नाहीत. गटांचे सदस्यत्व असे सिंक केले, तर गटातून काढलेला माणूस पलीकडे गटातच राहतो.

मग कोणते उत्तर कधी निवडावे? माझा निकष सोपा आहे. मूल्य पलीकडे राहिल्याने कोणाचा हक्क किंवा खासगीपणा धोक्यात येत असेल, तर अट खोटी ठरताच ते पुसले गेले पाहिजे, आणि अधिकारवाणीने पुसले गेले पाहिजे. मूल्य पुसल्याने कोणाचे काम अडत असेल आणि राहिल्याने फारशी हानी होत नसेल, तर ते राहू द्यावे. संमतीवर अवलंबून असलेला मोबाइल क्रमांक पहिल्या प्रकारातला, आणि पलीकडच्या प्रशासकाने हाताने भरलेला खोली क्रमांक दुसऱ्या प्रकारातला.

एक नियम पायरी पायरीने

हेच उदाहरण पूर्ण करू. कर्मचारी डिरेक्टरीतून संस्थेच्या सार्वजनिक पत्तापुस्तकात मोबाइल क्रमांक न्यायचा आहे. व्याप्ती: व्यक्तींच्या नोंदी, त्यांतही फक्त कर्मचारी; प्रिंटर, सेवाखाती, चाचणीखाती नाहीत. अट: संमतीच्या ॲट्रिब्यूटचे मूल्य ‘होय’ आहे आणि खाते चालू आहे. रूपांतर: क्रमांक अधिक चिन्ह आणि देशाच्या संकेतांकासह लिहावा. अट खोटी असेल, तर पलीकडचे मूल्य अधिकारपूर्वक रिकामे करावे.

इथवर सोपे आहे. आता संमतीचा ॲट्रिब्यूट मुळात भरलेलाच नसेल तर? संमती विचारलीच गेली नाही आणि संमती नाकारली, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण प्रकाशनापुरता दोन्हींचा अर्थ ‘नाही’ असाच घ्यायला हवा. म्हणून अट ‘संमती नाकारलेली नसेल तर’ अशी लिहू नये; ‘संमती होय असेल तर’ अशी लिहावी. एलडॅपच्या फिल्टरमध्ये नकार वापरला की एक सापळा तयार होतो: ‘विभाग पाच नसलेल्या नोंदी’ असे विचारल्यावर ज्यांचा विभाग भरलेलाच नाही त्याही नोंदी उत्तरात येतात. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्या नसतात, पण सर्व्हरच्या उत्तरात असतात.

त्याहूनही फसवी गोष्ट पुढे आहे. ज्या खात्याने सिंकचे साधन सर्व्हर वाचते, त्याला एखादा ॲट्रिब्यूट वाचण्याची परवानगी नसेल, तर एलडॅप सर्व्हर सामान्यतः तक्रार करत नाही. तो ॲट्रिब्यूट उत्तरातून मुकाट्याने वगळतो. त्यामुळे ‘मूल्य नाही’ आणि ‘मूल्य तुला दिसत नाही’ या दोन अवस्था साधनाला अगदी सारख्या दिसतात. कोणीतरी सुरक्षेसाठी परवानग्या आवळल्या, की दुसऱ्या दिवशी संमतीचे मूल्य कोणाच्याच नोंदीत दिसत नाही आणि पत्तापुस्तकातील प्रत्येक क्रमांक निघून जातो. नियम अगदी अचूक चाललेला असतो. म्हणून अटीत वापरलेला प्रत्येक ॲट्रिब्यूट त्या खात्याला वाचता येतो का, हे एखाद्या ओळखीच्या नोंदीवर नियमितपणे तपासत राहावे.

तुलनेतही असाच बारकावा आहे. डिरेक्टरी सर्व्हर बहुतेक नावे रोमन लिपीतील मोठ्या-लहान अक्षरांचा भेद न करता पडताळतो आणि दूरध्वनी क्रमांक पडताळताना त्यातील मोकळ्या जागा व आडव्या रेघा दुर्लक्षितो. सिंकच्या साधनातील सूत्रे मात्र पुष्कळदा अक्षरशः तुलना करतात. परिणामी सर्व्हरच्या दृष्टीने सारखी असलेली दोन मूल्ये साधनाला वेगळी वाटतात. मग अट विनाकारण खोटी ठरते, किंवा काहीच बदललेले नसताना सिंकच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे साधन दर वेळी चालते तेव्हा, तोच बदल पुन्हा लिहिला जातो.

दोन नियम एकाच ॲट्रिब्यूटवर आले तर?

मोठ्या व्यवस्थेत हे होणारच, आणि तिथे प्राधान्यक्रम लागतो. एन्ट्रा कनेक्टमध्ये प्रत्येक नियमाला एक संख्या असते आणि लहान संख्येचा नियम वरचढ ठरतो. साधनाबरोबर येणारे नियम १०० पासून सुरू होतात, म्हणून स्वतःचे नियम त्याखालच्या संख्यांवर ठेवायचे असतात. व्याप्तीच्या अटी लिहितानाही तिथे एक संकेत आहे: एका गटातील सगळी कलमे एकाच वेळी खरी असावी लागतात, तर अनेक गटांपैकी कोणताही एक खरा असला तरी पुरतो. ‘आणि’ व ‘किंवा’ यांची अदलाबदल झाली तर नियमाची व्याप्ती अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी किंवा अगदीच लहान होते.

प्राधान्यक्रम वाद मिटवतो, पण मालकी ठरवत नाही. विभागाचे खरे मूल्य कोणाचे, मनुष्यबळ विभागाचे की ई-मेल प्रशासकाचे, हे ठरवणे माणसांचे काम आहे. ते ठरल्याशिवाय संख्या लावत बसले, तर सगळ्यात लहान संख्या असलेला नियम जिंकतो आणि तो का जिंकावा याचे कारण कोणालाच सांगता येत नाही.

दोन्ही दिशांनी सिंक का करू नये?

करता येते, पण ॲट्रिब्यूट वाटून घ्यावेत: विभाग इकडून तिकडे, ई-मेल पत्ता तिकडून इकडे. एकाच ॲट्रिब्यूटवर दोन्ही बाजूंनी लिहायला लागले, की एका बाजूने क्रमांकातील मोकळ्या जागा काढायच्या आणि दुसऱ्या बाजूने त्या पुन्हा घालायच्या, असे अखंड चक्र सुरू होऊ शकते.

वाचन आणि लेखन यांच्यामध्ये जाणारा क्षणही लक्षात घ्यायला हवा. साधनाने अट तपासली, ती खरी होती, आणि लिहिण्याआधीच कोणीतरी पलीकडचे मूल्य बदलले. यासाठी एलडॅपमध्ये २००६ च्या आरएफसी ४५२८ ने एक सोय दिली आहे: बदलाच्या विनंतीबरोबरच अटही पाठवायची. सर्व्हर त्याच क्षणी ती तपासतो, आणि ती खरी असेल तरच बदल करतो. ही सोय पलीकडच्या सर्व्हरवर उपलब्ध असेल तर महत्त्वाच्या ॲट्रिब्यूटसाठी ती वापरावी.

कॅलेंडरवर अवलंबून असलेल्या अटी

‘करार संपला असेल तर खाते बंद करा’ हा नियम ऐकायला निर्दोष आहे. पण बहुतेक सिंक साधने प्रत्येक फेरीला सगळ्या नोंदी तपासत नाहीत; मागच्या फेरीनंतर बदललेल्या नोंदीच घेतात, कारण लाखो नोंदी पुन्हा पुन्हा वाचणे परवडत नाही. करार संपल्याची तारीख उजाडते तेव्हा मात्र नोंदीत काहीच बदललेले नसते. बदललेला असतो तो दिवस. नोंद ‘बदललेली’ नाही, म्हणून ती तपासली जात नाही, आणि अट खरी होऊनही खाते चालूच राहते.

त्यासाठी ठरावीक काळाने संपूर्ण तपासणी चालवावी लागते, किंवा तारखेवरून नोंदीत एक साधी खूण उमटवणारे वेगळे काम रोज चालवून नियम त्या खुणेवर बसवावा लागतो. मला दुसरा मार्ग अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण खूण बदलली की ती नोंद आपोआप फेरीत येते आणि खूण नेमकी केव्हा उमटली हेही मागाहून पाहता येते. तारखांचे स्वरूप हा आणखी एक खड्डा आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत खाते संपण्याची वेळ १ जानेवारी १६०१ पासून मोजलेल्या १०० नॅनोसेकंदांच्या एककांत ठेवतात, आणि तिथे ० या मूल्याचा अर्थ ‘कधीच संपत नाही’ असा होतो. रूपांतर करणाऱ्याने ० ला खरी तारीख समजले, तर कधीही न संपणारी सगळी खाती चार शतकांपूर्वीच संपलेली ठरतात.

नियमच बदलला, तरी हीच अडचण येते. नियम आज दुरुस्त केला म्हणून जुन्या नोंदी आज बदललेल्या नसतात. दुरुस्तीनंतर एकदा संपूर्ण फेरी चालवली नाही, तर काही नोंदी जुन्या नियमाने वागतात आणि काही नव्या, आणि हा घोळ शोधायला फार अवघड असतो. फेऱ्या दीर्घकाळ बंद राहिल्या असतील तेव्हाही पूर्ण तुलना हवी: ॲक्टिव्ह डिरेक्टरी पुसलेल्या नोंदीची खूण सामान्यतः १८० दिवस ठेवते, त्यानंतर ‘अमुक नोंद पुसली गेली’ हे सांगणारे काहीच उरत नाही.

एवढी गुंतागुंत कशाला? एक छोटी स्क्रिप्ट पुरणार नाही का?

काही नोंदी आणि दोन-तीन ॲट्रिब्यूट असतील तर पुरेल, आणि अशा ठिकाणी मोठे साधन आणू नये. पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला वर आलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे स्वतः द्यावी लागतात: ओळख, रिकामे मूल्य, अर्धवट राहिलेली फेरी, एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी. शेवटच्या प्रकाराचे नेहमीचे उदाहरण म्हणजे वरिष्ठाचा ॲट्रिब्यूट. त्यात नाव नसते, तर दुसऱ्या नोंदीचा डिरेक्टरीतील पत्ता असतो. तो वरिष्ठ नियमाच्या व्याप्तीत नसेल, तर पलीकडे त्याची नोंदच नसते आणि तो दुवा जोडता येत नाही. स्क्रिप्टने त्या वेळी थांबावे, दुवा सोडून पुढे जावे, की रिकामा ठेवून पुढच्या फेरीत पुन्हा पाहावे, हे आधी ठरवलेले असले पाहिजे.

चुकीचा नियम सर्वदूर पसरण्याआधी

चुकलेला सशर्त नियम एका नोंदीवर थांबत नाही. एन्ट्रा कनेक्टची फेरी नेहमीच्या मांडणीत दर ३० मिनिटांनी चालते; म्हणजे दुपारी केलेली चूक चहाच्या वेळेपर्यंत सगळीकडे पोचलेली असू शकते. म्हणून त्याच साधनात पुसण्यावर मर्यादा आहे: एका फेरीत ५०० पेक्षा जास्त नोंदी पुसल्या जाणार असतील, तर ते काम थांबते आणि माणसाची वाट पाहिली जाते. लहान संस्थेसाठी ५०० ही संख्या फार मोठी आहे; ती आपल्या आकारमानानुसार खाली आणावी. आणि ही मर्यादा नोंदी पुसण्यावर आहे, हे विसरू नये. पाच हजार नोंदींतील मोबाइल क्रमांक रिकामे होत असतील, तर ती अडवणार नाही, कारण नोंदी शाबूत असतात. ॲट्रिब्यूट रिकामे होण्याची वेगळी मोजणी आपल्यालाच लावावी लागते.

प्रत्यक्ष काही न लिहिता काय लिहिले गेले असते एवढेच दाखवणारी सोय बहुतेक साधनांत असते. एलएससीमध्ये तशी कोरडी फेरी चालवता येते आणि एन्ट्रा कनेक्टमध्ये दुसरा सर्व्हर ‘स्टेजिंग’ अवस्थेत ठेवून त्याने काढलेले बदल वाचता येतात. या फेरीत आकडा पाहून समाधान मानू नये. मुद्दाम तयार केलेल्या चाचणी-नोंदींचे काय झाले ते पाहावे. एक नोंद अशी, जिच्यात अट खरी आहे; एक अशी, जिच्यात ती पहिल्यापासून खोटी आहे; एक, जिच्यात ती कालपर्यंत खरी होती आणि आज खोटी केली; एक, जिच्यात अटीचा ॲट्रिब्यूट भरलेलाच नाही; आणि एक, जिच्यातील तो ॲट्रिब्यूट सिंकच्या खात्याला वाचता येत नाही. पहिल्या दोन नोंदी जवळजवळ नेहमी अपेक्षेप्रमाणे वागतात. उरलेल्या तिन्हींचे पलीकडचे मूल्य प्रत्यक्ष उघडून पाहावे, आणि ते नियमाच्या मालकाने लेखी सांगितलेल्या उत्तराशी जुळत नसेल, तर तो नियम चालू करू नये.